वेगाआधी तळ मजबूत करा

रेडिओ कंट्रोलवर पळणारी दोन-अडीच फुटांची विजेवरची बोट ताशी 100 किलोमीटरचा वेग गाठते, तेव्हा तिला पाणी मऊ लागत नाही. त्या वेगाला समोरून आदळणाऱ्या पाण्याचा दाब हिशेबाने दर चौरस सेंटिमीटरला जवळपास 4 किलो भरतो, आणि वेग दुप्पट झाला की हा दाब चौपट होतो. एखादी लहानशी लाट आडवी आली तरी बोट हवेत उडते आणि आपटते. असा मार एकाच शर्यतीत कितीतरी वेळा बसतो. तरीही या छंदात नव्याने उतरणाऱ्यांचा पैसा आधी मोटार आणि बॅटरीवर जातो. कवचाकडे लक्ष जाते ते तडा गेल्यावर. हा क्रम बदलायला हवा.

रेडिओने यंत्र हाकण्याचा इतिहास विजेच्या बोटीपासूनच सुरू होतो. निकोला टेस्लाने 1898 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी संदेशांवर चालणारी बोट लोकांना दाखवली आणि त्याच वर्षी 8 नोव्हेंबरला तिचे पेटंट त्याला मिळाले. ती बोट बॅटरीवर चालत होती. पुढे वेगाच्या शर्यतींवर बरीच वर्षे इंधनाच्या इंजिनांचे राज्य राहिले. लिथियम-पॉलिमर बॅटरी आणि ब्रशलेस मोटारी आल्यावर विजेने ती जागा परत मिळवली. आज 4 सेलची बॅटरी 14.8 व्होल्ट देते. तिला 2000 केव्हीची, म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला 2000 फेरे घेणारी मोटार जोडली, तर भार नसताना ती मिनिटाला 29,600 फेरे घेते. ही ताकद पातळ फायबरच्या कवचात बसवली की दुबळा सांधा पहिल्यांदा उकलतो.

बाजारात तयार मिळणारे कवच बहुधा दोन भागांत ओतलेले असते, खालचा तळ आणि वरचा डेक. दोन्ही जिथे जुळतात ती कड हाच बोटीचा सर्वांत कच्चा भाग. म्हणून जाणकार बांधणारे कामाची सुरुवात तिथून करतात. आतून 80 नंबरचा पॉलिश पेपर मारून पृष्ठभाग खरखरीत करायचा आणि ॲसिटोनने पुसून घ्यायचा. साच्याला लावलेल्या मेणाचा अंश उरला तर पुढची सगळी मेहनत सुटून येते. मग कडेभर फायबर ग्लासच्या कापडाची पट्टी इपॉक्सीत भिजवून बसवायची. तळाला आतून कार्बन फायबरचे कापड द्यायचे, विशेषतः पुढच्या अर्ध्या भागात आणि मोटारीच्या खाली. इपॉक्सीचे वजन कापडाच्या वजनाइतकेच असावे, असा हाताने काम करणाऱ्यांचा ढोबळ हिशेब आहे. जादा इपॉक्सीने ताकद वाढत नाही, बोट जड होते. कार्बनचा काळा चकाकता तुकडा दिसायला सुरेख असतो, पण जिथे ताण येत नाही तिथे तो लावणे हा पैशाचा अपव्यय आहे.

ताण कुठे येतो, हे बोट कशी धावते त्यावर ठरते. अमेरिकेतल्या शर्यती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने होतात, म्हणजे बोट सतत उजवीकडे वळते. वळताना ती घसरू नये म्हणून मागच्या उभ्या भिंतीला, ट्रान्समला, उजव्या अंगाला धातूची उभी पाती लावतात. वळणावरचा सगळा ओढा त्या पातीच्या दोन-चार स्क्रूंवर येतो. नुसत्या फायबरमध्ये पिळलेले स्क्रू भोक मोठे करून बाहेर येतात आणि त्या भोकातून पाणी आत शिरते. आतून प्लायवूडचा किंवा ग्लास-इपॉक्सी शीटचा तुकडा इपॉक्सीने बसवून त्यात स्क्रू घेतले की हा धोका बराच टळतो. सुकाणू आणि प्रोपेलरचा आधार यांच्यामागेही हेच करावे लागते.

कार्बनचा एक गुण मात्र अडचणीचा आहे. तो वीजवाहक असल्याने रेडिओ लहरी अडवतो. पूर्ण कार्बनच्या कवचात रिसीव्हरची अँटेना आत ठेवली, तर भर वेगात बोट हाताबाहेर जाऊ शकते. म्हणून अँटेना लहान नळीतून डेकच्या वर काढतात. कार्बनची आणि ग्लासची धूळही बेफिकिरीने घेण्याची वस्तू नाही. घासताना मास्क आणि हातमोजे हवेतच. शर्यतीचे काही प्रोपेलर बेरिलियम-कॉपरचे असतात. त्यांना धार लावताना आणि समतोल करताना निघणारी भुकटी फुप्फुसांना घातक असते, म्हणून ते पाण्याखाली धरून ओलेच घासायचे. इथे घाई करणाऱ्याला आवरणारे कुणीतरी शेजारी असावे.

आणि नेमके हे आवरणारे हात आपल्याकडे आहेत. कोकणच्या किनाऱ्यावर लाकडी होड्यांच्या जोडीला फायबरच्या होड्या आल्या, त्याला बराच काळ लोटला. त्या बांधणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर मॅट, रेझिन, हार्डनर हे शब्द रोज वापरतात. मॅटमध्ये हवेचा बुडबुडा राहिला की होडी तिथेच फुटते, हे त्यांना कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक असते. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी मात्र वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा कानशीने घासून फिटिंगचा जॉब पुरा करतो आणि फायबरला हात न लावताच पुढे जातो. पवनचक्कीचे पाते, विमानाचा भाग, शर्यतीची मोटारगाडी अशा किती ठिकाणी हेच तंत्र लागते! चार विद्यार्थ्यांनी मिळून एक बोट बांधली, तिचे कवच मजबूत केले, मोटारीला पाण्याने थंड ठेवणारी नळी जोडली आणि ती तळ्यावर पळवली, तर द्रवगतिकी, विद्युत आणि सामग्रीविज्ञान हे तिन्ही विषय त्यांच्या हाताखालून जातात.

कारागिराकडूनही एक सवय सोडवून घ्यावी लागेल. होड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनर कमी-जास्त करून सुकण्याचा वेग बदलता येतो. इपॉक्सीत तसे चालत नाही. ठरलेले प्रमाण चुकले तर ती कायमची मऊ राहते. काट्यावर तोलूनच मिसळायची, हे विद्यार्थी त्याला सांगतील. बुडबुडा कसा काढायचा, हे तो त्यांना दाखवील.

एनसीसीच्या नौदल शाखेत जहाजांच्या प्रतिकृती बनवण्याची स्पर्धा होते, म्हणजे पाण्यावरच्या मॉडेलला आपल्याकडे मान्यता आहेच. तिच्या जोडीला वेगाच्या बोटींचीही एक स्पर्धा हवी, आणि तिच्या गुणांत मोठा वाटा शर्यतीनंतर कवच किती शाबूत राहिले याला हवा. नुसत्या वेगाला गुण दिले तर सगळे जण महाग मोटार आणतील.

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांनी यासाठी मोठ्या प्रयोगशाळेची वाट पाहू नये. जवळच्या बंदरावरच्या एका फायबर कारागिराला मानधन देऊन पुढच्या सत्रात वर्कशॉपमध्ये बोलवावे आणि पहिली बोट त्याच्या हाताखाली बांधून घ्यावी.