बंबातले पाणी आणि संगणकातले पाणी

आमच्या इंदूरच्या जुन्या वाड्यात न्हाणीघराच्या दाराशी तांब्याचा बंब असे. दिवाळीपूर्वी आई तो चिंचेने घासून लखलखीत करी. परंतु आत हात पोचत नसल्यामुळे तेथे जमलेला क्षारांचा पांढरा थर तसाच राही. त्या थरापायी लाकूड अधिक जळते, असे ती म्हणे. विज्ञानाचा तो धडा मी घरीच शिकलो आणि, कबूल केलेच पाहिजे, ऐन वेळी विसरलो.

माझा पुतण्या लग्नसमारंभांच्या चित्रफितींचे संकलन करून चरितार्थ चालवतो. त्याने घरच्या संगणकाला पाण्याने थंड ठेवण्याची व्यवस्था केली, तेव्हा तीत भरावयाच्या शीतकद्रवाची, म्हणजे बाजारात ज्याला कूलंट म्हणतात त्याची, किंमत ऐकून मी म्हणालो, “अरे, पाणी ते पाणी! नर्मदेचे पाणी आपण पितो, ते यंत्राला का चालू नये?”

“काका, तुम्ही म्हणता तर भरतो,” असे म्हणून त्याने माझा शब्द राखला. पुढे ऐन लग्नसराईत, एका वधूपित्याला दिलेली मुदत दोन दिवसांवर आली असता, संगणक दर पंधरा मिनिटांनी बंद पडू लागला. उघडून पाहिले तो पाणी गढूळ झालेले आणि आतल्या बारीक फटी पांढऱ्या-हिरव्या गाळाने बुजलेल्या.

या व्यवस्थेची रचना साधी आहे. संगणकाच्या तापणाऱ्या भागावर तांब्याचा एक ठोकळा बसवलेला असतो व त्यात अगदी अरुंद खाचा असतात. पंप त्यांतून पाणी खेळवतो, पाणी उष्णता उचलून रेडिएटरकडे नेते आणि तेथील पंखे ती हवेत सोडतात. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी तीन हजार पटींहून अधिक उष्णता वाहून नेते, म्हणून हा खटाटोप. तथापि हे पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड कधीही होत नाही. वैशाखात खोलीच चाळीस अंशांवर गेली, तर पाणी त्याच्या वरच राहणार!

मग चूक कोठे झाली? पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की कळकते, हे आपल्या घरांतील प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. भांड्यांना कल्हई करीत ती त्यासाठीच. धातू आणि द्रव यांचे जमते की नाही, हे पाहावे लागते. त्यातून एकाच पाण्यात तांबे व ॲल्युमिनियम आले, तर त्यांची नकळत विद्युत्घटमाला तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजू लागते. ब्रिटिश आरमाराच्या ‘अलार्म’ या जहाजाला १७६१ मध्ये तांब्याचे पत्रे ठोकले होते. दोनच वर्षांनी पाहतात तो लोखंडी खिळे गंजून गेलेले! पुतण्याचा ठोकळा तांब्याचा होता, स्वस्तात मिळालेला रेडिएटर ॲल्युमिनियमचा, आणि मधले क्षारयुक्त पाणी माझ्या सल्ल्याचे.

तेव्हा पहिला नियम असा, की ठोकळा तांब्याचा असेल तर रेडिएटर तांब्या-पितळेचाच घ्यावा. दुसरा, नळाचे वा विहिरीचे पाणी भरू नये. घरच्या आर.ओ. यंत्राच्या पाण्यातही काही क्षार राहतातच. ऊर्ध्वपातित, म्हणजे डिस्टिल्ड पाणी घ्यावे. परंतु नुसते तेही पुरत नाही. धातूंच्या संगतीत त्यात हळूहळू कण विरघळतात, शिवाय शेवाळ व जंतू वाढतात. म्हणून गंजरोधक व जंतुरोधक द्रव्ये असलेले तयार शीतकद्रव तरी घ्यावे, नाहीतर त्याचा अर्क बाटलीवरील प्रमाणात डिस्टिल्ड पाण्यात मिसळावा. दोन निरनिराळी द्रवे एकत्र करू नयेत. ‘विद्युत्रोधक’ म्हणून विकले जाणारे द्रवही कालांतराने तसे राहत नाही. गळतीची भीती धरावीच.

तरुणांना रंगीत, दुधाळ द्रवांचा मोह पडतो. त्यांतले रंगकण कालांतराने खाचांत बसतात. ज्याला यंत्रावर पोट भरावयाचे आहे, त्याने स्वच्छ पारदर्शक द्रवच पसंत करावे. बिघाड झाला तर तो डोळ्यांना दिसतो तरी. काही द्रवांत एथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड पण विषारी आहे. मुलांच्या व मांजरांच्या वाटेत बाटली ठेवू नये.

देखभाल फार नाही. महिन्यातून एकदा टाकीतील पातळी व रंग पाहावा, रेडिएटरवरील धूळ झाडावी. वर्षातून एकदा द्रव काढून डिस्टिल्ड पाण्याने सर्व धुवावे आणि नवे भरावे. भरल्यावर जोडांखाली कागद अंथरून, संगणकाला वीज न देता केवळ पंप काही तास चालवावा. कागद कोरडा राहिला, तरच पुढे जावे. पंप कोरडा मात्र कधी चालवू नये. कारखान्यातच कायमचे बंद करून आलेले संच असतात, त्यांत द्रव बदलण्याची सोय सहसा नसते. त्यांची केवळ धूळ झाडावी.

पुतण्याने मित्राच्या संगणकावर रात्री जागून काम पुरे केले. तरी चार दिवसांचा उशीर झालाच आणि ठरलेल्या रकमेतून त्याला काही सोडावे लागले. मला तो एका शब्दानेही बोलला नाही. त्याचेच मला अधिक लागले. नव्या रेडिएटरचे पैसे मी दिले. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी टाकीतील पातळी पाहण्याचे काम माझ्याकडे आहे, आणि दिनदर्शिकेवर त्याची खूण मी स्वतः करतो.