गूढ आकाशात की फायलीत?

आकाशात काही अनोळखी दिसले की उडत्या तबकड्यांची चर्चा सुरू होते. पाठोपाठ ‘सरकार काहीतरी लपवतंय’ ही शंकाही येते. अमेरिकेत ही शंका पाऊणशे वर्षे जुनी आहे. अशा घटनांच्या चौकशीसाठी तिथल्या संरक्षण खात्याने आता स्वतंत्र कार्यालयच थाटले आहे. १९४५ पासूनच्या नोंदी तपासून या कार्यालयाने मार्च २०२४ मध्ये अहवाल दिला की, परग्रहावरच्या तंत्रज्ञानाचा कोणताही पुरावा सापडलेला नाही. तरीही असंख्य लोकांचा त्यावर विश्वास बसला नाही. त्यांना भोळे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण इतिहास थोडा वेगळा आहे.

जुलै १९४७ मध्ये न्यू मेक्सिकोतील रॉसवेलजवळ काही अवशेष सापडले. लष्कराने आधी ‘उडती तबकडी मिळाली’ असे जाहीर केले आणि लगेच ‘तो हवामानाचा फुगा होता’ अशी सारवासारव केली. खरे काय ते हवाई दलाने १९९४ मध्ये सांगितले. सोव्हिएत अणुचाचण्यांचे आवाज उंच आकाशात टिपण्यासाठी ‘मोगल’ नावाचा गुप्त प्रकल्प चालू होता आणि ते अवशेष त्याच्याच फुग्यांचे असावेत. म्हणजे लोकांचा संशय अर्धा खरा होता. सरकारने लपवले होते, फक्त ते परग्रहवासी नव्हते.

१९५५ मध्ये ‘यू-२’ या हेरगिरी विमानाच्या चाचण्या सुरू झाल्या. तेव्हाची प्रवासी विमाने १०-२० हजार फुटांवर उडत. हे विमान ६० हजार फुटांच्याही वर जाई. खाली अंधार पडला तरी वर त्याचे चंदेरी पंख मावळत्या उन्हात चमकत. ते पाहून वैमानिक तक्रारी नोंदवत. चौकशी अधिकाऱ्यांना सत्य माहीत होते, पण उत्तरात ते बर्फाच्या कणांचे आणि तापमानातील फरकाचे कारण देत. एका इतिहासकाराने १९९७ मध्ये ही हकिगत प्रसिद्ध केली.

या प्रश्नाला एक वैद्यकीय बाजूही आहे. काळोखात एकाच स्थिर दिव्याकडे टक लावून पाहिले, तर काही सेकंदांत तो हलल्यासारखा वाटतो. आजूबाजूला तुलनेसाठी काही नसले की मेंदू असा फसतो. अनुभवी वैमानिकही याला अपवाद नाहीत, म्हणून प्रशिक्षणात त्यांना याची जाणीव करून दिली जाते. असा भास होणे हे वेडाचे लक्षण नव्हे. तरीही ‘लोक हसतील, नोकरीवर परिणाम होईल’ या भीतीने वैमानिक गप्प बसतात, असे अमेरिकी गुप्तचर यंत्रणेच्या २०२१ च्या आणि ‘नासा’च्या २०२३ च्या अहवालांत म्हटले आहे. रुग्णालयातही हेच घडते. चुकीचे औषध देता देता राहिले, हे सांगणाऱ्या नर्सला बोलणी खावी लागली, तर पुढच्या वेळी ती सांगत नाही. नोंद होत नाही, कारण सापडत नाही आणि धोका तसाच राहतो.

‘अनोळखी’ या शब्दाचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. डॉक्टर कधी कधी केसपेपरवर ‘कारण न सापडलेला ताप’ असे लिहितात. म्हणजे तपासण्या अजून बाकी आहेत. त्यावरून कोणी करणी झाली असे ठरवू नये. नोव्हेंबर २०२४ च्या अमेरिकी अहवालात ७५७ नोंदी होत्या. त्यांपैकी ४४४ केवळ माहिती अपुरी म्हणून बाजूला ठेवाव्या लागल्या आणि २१ प्रकरणे अधिक तपासाच्या लायकीची ठरली. ज्यांचा उलगडा झाला, ती फुगे, पक्षी, ड्रोन, उपग्रह अशीच निघाली.

माहिती खुली असेल तर काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे सरकताना हजारोंनी पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात धातूची मोठी रिंग पडली. अवकाशातील वस्तूंच्या कक्षांची माहिती सर्वांना उपलब्ध असल्याने, हा चिनी रॉकेटचा वातावरणात परतलेला भाग असावा, हे अभ्यासकांनी काही तासांतच सांगितले. भीती होती, कुतूहलही होते, पण त्यातून दंतकथा तयार झाली नाही.

सगळेच उघड करा, असे कोणी म्हणणार नाही. अनेकदा चित्रातली वस्तू गुप्त नसते, ती टिपणाऱ्या कॅमेऱ्याची क्षमता गुप्त असते. मग तेवढेच सांगावे. ‘हे आज सांगता येणार नाही’ आणि ‘तो हवामानाचा फुगा होता’ यांत मोठा फरक आहे. पहिल्या वाक्याने लोक नाराज होतात, दुसऱ्याने त्यांचा विश्वास जातो. आणि गेलेला विश्वास नेमका नको त्या वेळी आड येतो. साथ आली, लस घ्या म्हणून सांगायची वेळ आली, की तेच सरकार खरे बोलत असते आणि लोक ऐकत नाहीत.