उद्यानाखालचं गाव

न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आपल्यापैकी अनेकांनी सिनेमात पाहिलंय. लेक-जावई तिकडे असतील तर तिथल्या बाकावरचा फोटोही घरात असतो. त्याच पार्कच्या पश्चिम अंगाला, ८२व्या ते ८९व्या रस्त्यांच्या दरम्यान, एकेकाळी सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती.

१८२५मध्ये अँड्र्यू विल्यम्स या पंचविशीतल्या कृष्णवर्णीय बूटपॉलिशवाल्याने तिथे १२५ डॉलरला तीन भूखंड घेतले. राज्यातली गुलामी कायद्याने संपायला अजून दोन वर्षं होती! मागोमाग इतर आले. १८५५पर्यंत सव्वादोनशे माणसं, तीन चर्च, एक शाळा. शेजाराला आयरिश कुटुंबंही.

जमिनीचा एवढा सोस कशासाठी? राज्याच्या १८२१च्या घटनेने कृष्णवर्णीय पुरुषाला मतदानासाठी २५० डॉलरच्या मालमत्तेची अट घातली होती. गोऱ्यांना ती नव्हती. सातबाऱ्यावर नाव असेल तरच मत, असा तो मामला.

१८५३मध्ये पार्कसाठी जागा ठरली आणि वर्तमानपत्रं या घरांना गलिच्छ झोपड्या म्हणू लागली. आधी बदनामी, मग संपादन. हा क्रम मुंबईकरांना काय समजावून सांगायचा? विल्यम्सने ३,५०० डॉलर मागितले, हाती २,३३५ पडले. भाव बरा मिळाला, असं कुणी म्हणेलही. पण जमिनीबरोबर मताचा आधारही जात होता, आणि भरपाईच्या हिशेबात त्याचा रकानाच नव्हता. १८५७मध्ये वस्ती उठली, माणसं पांगली.

१९१३मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. हे ठिकाण तिथून दोन मैलांच्या आत. पण तोवर शहर ते विसरूनही गेलं होतं. २०११मध्ये तिथे उत्खनन झालं, त्यात कोलंबियाचे अभ्यासकही होते. एका घराच्या पायाशी लोखंडी किटली निघाली, भाजण्याचं भांडं निघालं. लहान मुलाच्या बुटाचा चामडी तळ सापडला आणि चिनी पोर्सेलीनचे तुकडेही. 'गलिच्छ झोपड्यां'त पोर्सेलीन! त्या बातमीदारांपैकी कितीजण घरात डोकावले असतील, अशी शंका येते.

यंदाचा अंक उठवलेल्या वस्त्यांवर काढायचं ठरलं ते या वाचनातून. पुढच्या पानांत गिरणगाव आहे, धरणांखालची गावंही आहेत. आमच्या लेखकांना एकच विनंती केली होती: हळहळ कमी, कागदपत्रं जास्त. ती त्यांनी कितपत पाळली, ते वाचकांनी कळवावं.