बायकोचा रकाना

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळची गोष्ट. उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांतली माहिती पेपरात छापून आली होती आणि आमच्या शेजारच्या काकू चष्मा नाकावर ओढून ती किराणाच्या यादीसारखी वाचत बसल्या होत्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "अगं, साहेबांकडे एक जुनी जीप, आणि जमीन, गाळे, सोनं सगळं बाईसाहेबांकडे! ह्यांनी लग्न केलं की लॉटरी काढली?" आम्ही दोघी खूप हसलो. मग काकू जरा हळू आवाजात म्हणाल्या, "पण एवढं सगळं आपल्या नावावर आहे, हे तिला तरी ठाऊक असेल का गं?"

माझं हसू तिथंच थांबलं. माझ्याही नावावर गावाबाहेर एक प्लॉट आहे. सह्या करायला गेले होते त्या दिवशी पाहिला, त्यानंतर नाही. कागद 'ह्यां'च्या कपाटात.

तेव्हापासून मला एक खोडच लागलीय. राजकारण्यांच्या श्रीमंतीची बातमी कुठलीही असो, मी आधी जोडीदाराचा रकाना शोधते. असं शोधता शोधता अमेरिकेपर्यंत पोहोचले आणि मैत्रिणींनो, तिथला हा रकाना भलताच भरलेला निघाला.

तिथल्या खासदाराचा पगार वर्षाला १ लाख ७४ हजार डॉलर. २००९ पासून हा आकडा हललेला नाही. आपल्याला तो मोठा वाटतो, पण त्या पगारातून कोट्यवधींच्या इस्टेटी उभ्या राहत नाहीत. मग पैसा येतो कुठून? काहींचा वडिलोपार्जित असतो. डोनाल्ड ट्रम्प यांच्या वडिलांचा न्यूयॉर्कमध्ये घरं बांधण्याचा मोठा धंदा होता. काहींचा पैसा सत्ता गेल्यावर येतो. बिल क्लिंटन २००१ मध्ये व्हाइट हाऊसमधून बाहेर पडले तेव्हा वकिलांच्या फीचं कर्ज डोक्यावर होतं. पण २००० ते २००७ या काळात नवरा-बायकोनं मिळून सुमारे १० कोटी ९० लाख डॉलर मिळवले, तेही मुख्यतः भाषणं देऊन आणि पुस्तकं लिहून. तिसरा रस्ता सगळ्यांत जुना. तो बोहल्यावरून जातो.

पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यापासूनच सुरुवात करा. १७५९ मध्ये त्यांनी मार्था कस्टिस या श्रीमंत विधवेशी लग्न केलं. तिच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतली जमीन आली आणि गुलामही आले. १७९९ मध्ये, वॉशिंग्टन वारले त्या वर्षी, त्यांच्या माउंट व्हर्ननच्या मळ्यावर ३१७ गुलाम होते. त्यातले १५३ कस्टिस घराण्याच्या वाट्याचे. तिथल्या 'संपत्ती'त माणसंही मोजली जात होती, हे वाचताना घास घशात अडकतो.

पुढचं उदाहरण आपल्या आठवणीतलं. २००४ मध्ये जॉर्ज बुश यांच्याविरुद्ध उभे राहिलेले जॉन केरी. त्यांची पत्नी टेरेसा ही हाइन्झ घराण्याची सून. (हीच ती हाइन्झ कंपनी, जिचं कॉम्प्लान आपल्या पोरांनी नाक मुरडत प्यायलं.) पहिले पती, सिनेटर जॉन हाइन्झ, १९९१ मध्ये विमान अपघातात गेले आणि केचपची अफाट संपत्ती टेरेसाकडे आली. केरींशी लग्न १९९५ चं. आता गंमत बघा. प्रचाराला पैसे कमी पडले तेव्हा केरींना बायकोच्या तिजोरीला हात लावता आला नाही. तिथल्या कायद्यानुसार उमेदवार स्वतःचा पैसा हवा तेवढा ओतू शकतो, पण बायको ही इतर देणगीदारांसारखीच एक देणगीदार. तेव्हा तिची मर्यादा होती २ हजार डॉलर! शेवटी केरींनी बॉस्टनच्या घरातला आपला अर्धा हिस्सा गहाण टाकून ६४ लाख डॉलर उभे केले. मला हा नियम फार आवडला. तिचं ते तिचं.

जॉन मॅकेन यांचं उलट झालं. २००८ च्या ऑगस्टमध्ये पत्रकारांनी विचारलं, तुमची घरं किती? त्यांना आकडा सांगता येईना, कर्मचाऱ्यांना विचारून कळवतो म्हणाले. साऱ्या देशानं त्यांची टर उडवली. घरं मुळात पत्नी सिंडी आणि तिच्या कुटुंबाच्या ट्रस्टांच्या व कंपन्यांच्या नावावर होती. तिच्या वडिलांची अॅरिझोनात बिअर वितरणाची कंपनी होती, त्यातून ते आलेलं. आपल्याकडे बाईला नवऱ्याचं किती ते माहीत नसतं, इथं नवऱ्याला बायकोचं माहीत नव्हतं, एवढाच फरक.

इथपर्यंत पैसा बायकोकडून आला, सरळ मामला. खरा पेच पुढं आहे. बायकोच्या नावावरचा पैसा नवऱ्याच्या खुर्चीमुळं वाढला तर?

१९४३ मध्ये लेडी बर्ड जॉन्सन यांनी टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरातलं एक डबघाईला आलेलं रेडिओ केंद्र १७ हजार ५०० डॉलरना घेतलं. पैसे वारशातले. बाई पत्रकारिता शिकलेल्या होत्या, स्वतः हिशेब बघायच्या. पण रेडिओला परवानगी देणारं खातं सरकारी, आणि यजमान लिंडन जॉन्सन खासदार. प्रक्षेपणाचे तास वाढवायला परवानगी मिळाली, ताकद वाढवायलाही मिळाली. १९५२ मध्ये टीव्ही केंद्र सुरू झालं आणि शहरात कितीतरी वर्षं दुसरं केंद्रच नव्हतं. यजमान पुढं अध्यक्ष झाले, धंदा लाखोंचा झाला. 'तो सगळा माझ्या बायकोचा व्यवसाय आहे,' हेच त्यांचं उत्तर. ते खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं.

आणि बाईच पुढारी असेल तेव्हा? १९८४ मध्ये जेराल्डिन फेरारो उपाध्यक्षपदाच्या उमेदवार झाल्या, मोठ्या पक्षाकडून हा मान मिळालेली पहिली स्त्री. पती न्यूयॉर्कचे जागा-इमारतींचे व्यावसायिक. त्यांनी आधी आपली करविवरणपत्रं दाखवायला नकार दिला. इटालियन नवऱ्यांशी संसार करणाऱ्यांना हे कळेल, असं फेरारोबाई गमतीनं म्हणाल्या आणि फसल्या. शेवटी दीड तासाहून जास्त वेळ पत्रकारांसमोर त्यांना एकटीला उत्तरं द्यावी लागली, हिशेब मात्र बराचसा नवऱ्याचा.

नॅन्सी पेलोसींचं तेच. शेअर घेणारे-विकणारे पती पॉल. पण शेअरबंदीचं एक विधेयक आलं तेव्हा त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून 'पेलोसी' होईल असं बघितलं गेलं! अर्थात नॅन्सीबाईही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. खासदारांना बाजारात भाग घेता आला पाहिजे, असं २०२१ च्या डिसेंबरात त्यांनीच ठणकावलं होतं. टीका झाल्यावर सूर मऊ झाला.

२०१२ च्या कायद्यानं खासदार आणि जोडीदार दोघांनाही शेअरचे व्यवहार ४५ दिवसांत जाहीर करावे लागतात. उशीर केला तर दंड २०० डॉलर. कोट्यधीशाला २०० डॉलर म्हणजे चहा-पाणी. मालमत्तेच्या फॉर्ममध्ये नेमका आकडा लिहायचाच नाही, 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' एवढंच. राहतं घर भाड्यानं दिलं नसेल तर दाखवायची गरज नाही. आणि फक्त जोडीदाराची असलेली एखादी मालमत्ता १० लाख डॉलरच्या वर गेली, की 'दहा लाखांहून जास्त' एवढी एकच खूण. अकरा लाख असोत वा अकरा कोटी! आपल्याकडे २००३ पासून उमेदवाराला जोडीदाराचाही आकडा रुपयांत लिहावा लागतो, अगदी सोनं किती ग्रॅम इथपर्यंत. २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर उत्पन्न कुठून आलं तेही. खोटं लिहिणारे लिहितात ही गोष्ट वेगळी, पण रकाना तरी आहे.

अलीकडचा प्रकार तर फॉर्मच्याही पलीकडचा. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या शपथविधीच्या आदल्याच दिवशी मेलानियाबाईंच्या नावाचं आभासी नाणं बाजारात आलं. विकत घेणाऱ्यांना बाईंचं कौतुक होतं की यजमानांच्या खुर्चीचं, तुम्हीच ठरवा.

जुलै २०२५ मध्ये सिनेटच्या एका समितीनं शेअरबंदीचं विधेयक पुढं सरकवलं, त्यात जोडीदारही आले. त्यावर एक आक्षेप असा, की बाईनं पुढाऱ्याशी लग्न केलं म्हणून तिनं आपला उद्योग का सोडावा? आक्षेप मला पटतो, तिनं का सोडावा? दुकान चालवावं, कंपनी चालवावी. पण शेअर बाजाराचं वेगळं आहे. रात्री जेवताना नवरा म्हणाला, की उद्या अमुक कंपनीची चौकशी लागणार आहे, तर ते ऐकलेलं कानाआड कसं करणार? म्हणून खरेदी-विक्रीला बंदी हवी, आणि बाकीच्या मिळकतीचा आकडा तिच्या नावापुढं, तिच्या सहीनं, पूर्ण हवा.

हे सगळं काकूंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते राहू दे. तुझ्या प्लॉटचा गट नंबर काय गं?"

रात्री 'ह्यां'ना कपाटाची किल्ली मागितली. "आत्ता कशाला?" म्हणाले. पण दिली.