भंगाराचा हिशेब होतो, वेचणारीचा का नाही?

पुनर्चक्रीकरण हा सध्या संशोधनाचा लाडका विषय आहे. प्लास्टिकपासून तेल कसे काढायचे, यंत्राने कचरा कसा वेगळा करायचा, ई-कचऱ्यातले तांबे आणि सोने कसे मिळवायचे, टनामागे कार्बन किती वाचतो, यावर प्रबंध आणि परिषदा जोरात चालू आहेत. या संशोधनाला आमचा विरोध नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे, की हे सगळे चक्र ज्या हातांनी सुरू होते, ते हात या संशोधनात कुठे आहेत?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा पट्टा पाहा. एकीकडे औद्योगिक वसाहती आणि जीन्सचे कारखाने, दुसरीकडे भंगाराचे गाळे आणि डम्पिंग ग्राउंड. पुठ्ठा, पत्रा, बाटल्या, जीन्सच्या चिंध्या पहाटेपासून वेचल्या जातात. आमच्या कामात भेटणाऱ्या वेचक बहुतांश बाया आहेत. त्या बौद्ध आहेत, मातंग आहेत, भटक्या जमातींतल्या आहेत. अनेकींची कुटुंबे १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाडा-विदर्भातून इकडे आली. गाळ्यावर काटा मारला जातो, भाव गाळेवालाच ठरवतो, आणि हाताला काच लागली तर दवाखान्याचा खर्च बाईचा.

इथल्या प्रदूषणाचा अभ्यास झाला, तो पाण्याचा झाला. तोही लढूनच. 'वनशक्ती'च्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाबद्दल स्थानिक स्वराज्य संस्था व सांडपाणी प्रक्रिया केंद्रांसह संबंधितांना ९५ कोटींचा दंड ठोठावला. नदीतल्या रसायनांचे मोजमाप झाले हे चांगलेच झाले. पण रसायनांचे रिकामे ड्रम आणि पिशव्या हाताळणाऱ्यांच्या फुप्फुसांचे, कातडीचे मोजमाप कोण करणार?

असे संशोधन होऊ शकत नाही, असे कोणी म्हणू नये. पुण्यात १९९३ मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. त्यामागे एसएनडीटी विद्यापीठातल्या प्राध्यापिका-कार्यकर्त्या होत्या. त्यांनी वेचकांची जात, लिंग, कमाई, आजार मोजले. त्यांच्या श्रमाने पालिकेचा किती खर्च वाचतो तेही मांडले. त्या आकड्यांच्या जोरावर ओळखपत्रे, आरोग्य विमा आणि २००८ मध्ये 'स्वच्छ' सहकारी संस्थेचा पालिकेशी करार इथपर्यंत लढा पोहोचला. म्हणजे माणूस मोजला की धोरण हलते.

मग बाकीचे अभ्यासक 'असंघटित क्षेत्र' या एका शब्दावर का थांबतात? कारण पुढचा शब्द जात आहे. कचरा कोण उचलणार हे या देशात बाजाराने ठरवलेले नाही, जन्माने ठरवले आहे. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले की ज्याला श्रमविभागणी म्हणतात, ती इथे माणसांचीच उतरंड असते.

"पण या धंद्यावर गरिबांचे पोट चालते ना?" हा युक्तिवाद जुना आहे. महारांनी मेलेली जनावरे ओढणे सोडले तेव्हा कातडे, शिंगे, खुरे यांचे उत्पन्न बुडते असा हिशेब 'केसरी'त मांडला गेला होता. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी संगमनेरची आठवण सांगितली. हाच प्रश्न विचारणाऱ्याला ते म्हणाले, की मग तुम्हीच ते काम करा आणि ते उत्पन्न घ्या. वर मी पदरचे पाचशे रुपये देतो. आजच्या 'चक्रीय अर्थव्यवस्थे'च्या तज्ज्ञांनाही हेच विचारले पाहिजे. तुमच्यापैकी किती जणांची मुले डम्पिंगवर जाणार आहेत?

२०१६ च्या घनकचरा नियमांनी वेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या म्हटले. २०२२ पासून प्लास्टिक उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीसाठी प्रमाणपत्रांचा बाजार सुरू झाला. प्रमाणपत्र नोंदणीकृत कारखान्याच्या नावे निघते, पैसा त्याला मिळतो. माल ज्या बाईने वेचला तिचे नाव त्या कागदावर कुठेच नाही.

यंत्र येऊ द्या, आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. हाताने घाण उपसण्यातून सुटका व्हावी हीच आमची मागणी आहे. पण यंत्राची मालकी कोणाची आणि त्या बाईचे पुढे काय, हे आधी सांगा. म्हणून तिन्ही शहरांतल्या पालिकांनी वेचकांची जात, आरोग्य, कमाई आणि मुलांचे शिक्षण यांची गणना करावी. वर्गीकरण केंद्रे त्यांच्या सहकारी संस्थांना चालवायला द्यावीत. आणि त्यांच्या मुलांना शिष्यवृत्ती वेळेवर मिळावी, म्हणजे पुढची पिढी या कामात ढकलली जाणार नाही.

समाजशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींना आमचे सांगणे आहे: प्रबंधाचा विषय शोधायला लांब जाऊ नका. आपल्या वस्तीतून सुरुवात करा. आपला हिशेब आपणच मांडला पाहिजे.

जयभीम!