आपलं पान, आपल्या हाताने

मुलांनो,

परवा मधल्या सुट्टीत पाचवीतली एक मुलगी मला विचारत होती, "बाई, स्वतःची वेबसाइट करायला किती पैसे लागतात हो?"

मी म्हटलं, "पहिलं पान करायला एक पैसाही नाही. कॉम्प्युटरवरचं नोटपॅड पुरे!"

तिचा विश्वासच बसेना. तुमचाही नाही ना बसत? चला तर, करूनच बघू.

नोटपॅड उघडा आणि स्वतःबद्दल चार ओळी लिहा. आता यातलं शीर्षक कोणतं आणि परिच्छेद कोणता, हे ब्राउझरला कसं कळणार? त्यासाठी टोकदार कंसात इंग्रजी अक्षरांच्या खुणा करायच्या. त्यांना म्हणतात टॅग. शीर्षकासाठी 'एच' आणि 1, परिच्छेदासाठी 'पी'. मजकुराआधी एक टॅग आणि मजकूर संपला की तोच टॅग पुन्हा, पण अक्षराआधी तिरकी रेघ देऊन. डबा उघडला की झाकण लावतो ना, तसंच! शीर्षकाचं झाकण विसरलात, तर खालचा मजकूरही मोठा आणि ठळक दिसू लागतो. या खुणांच्या भाषेचं नाव एचटीएमएल.

आता फाइल सेव्ह करा. नाव द्या 'इंडेक्स डॉट एचटीएमएल', इंग्रजी लहान अक्षरांत. प्रकार 'ऑल फाइल्स' निवडा, नाहीतर नावाला 'टीएक्सटी'चं शेपूट लागतं. एन्कोडिंग ठेवा यूटीएफ-8 आणि पानाच्या अगदी वर 'मेटा' टॅगमध्येही तसं लिहा. नाहीतर मराठीऐवजी चित्रविचित्र चिन्हं दिसायची! फोटो घालायचा असेल, तर तो त्याच फोल्डरमध्ये ठेवा. आता फाइलवर डबल क्लिक करा. झालं तुमचं पान! इंटरनेटही लागलं नाही.

ही युक्ती कोणाची, माहीत आहे? टिम बर्नर्स-ली यांची. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत काम करताना 1989 मध्ये त्यांनी ही कल्पना मांडली. त्यांच्या पहिल्या ब्राउझरमध्ये पानं वाचता यायची आणि लिहिताही यायची, बरं का! 30 एप्रिल 1993 रोजी सर्नने हे तंत्र सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं. म्हणून तर आज तुम्हीआम्ही कोणालाही न विचारता पान लिहू शकतो.

आता माझीच एक फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या चौथीच्या मुलांनी गावातल्या विहिरींची माहिती गोळा केली. आजीआजोबांना विचारून प्रत्येक विहिरीचं नाव आणि तिची गोष्ट लिहिली. मी ती एका फुकट सेवेवर थेट तिथेच टाइप केली. पुढे ती सेवाच बंद पडली. पत्र आलं होतं म्हणे, पण मी ईमेल उघडलाच नव्हता! सगळं गेलं. ज्यांनी गोष्टी सांगितल्या, त्यांतले दोन आजोबाही तोवर राहिले नव्हते. नशीब, एका मुलीने सगळं वहीत उतरवून ठेवलं होतं. तिच्या वहीवरून आम्ही पानं पुन्हा लिहिली. या वेळी आपल्याच फोल्डरमध्ये, आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर.

अशी फजिती मोठमोठ्यांचीही झाली आहे. जिओसिटीज या सेवेवर जगभरच्या लोकांनी आपली पानं केली होती. 2009 मध्ये याहूने ती अमेरिकेत बंद केली, तेव्हा कितीतरी पानं कायमची गेली.

म्हणून लक्षात ठेवा, पान जगाला दाखवायला दुसऱ्याची जागा घ्या, पण मूळ प्रत आपल्या घरीच हवी.

आणि आईबाबांनो, पान इंटरनेटवर चढवण्याआधी एकदा मुलांसोबत बसून वाचा. घरचा पत्ता, फोन नंबर, शाळेचं नाव त्यात नको. विहिरीची गोष्ट मात्र जरूर असू द्या!

या रविवारी आजीला तिच्या लहानपणाची एक आठवण विचारा आणि तिचं पान करा. कराल ना?

तुमची,
बाई