खंडेनवमीच्या पूजेतला ट्रॅक्टर कोणत्या देशाचा?

घट बसले की आमच्या पंढरीत देवीच्या देवळांतून कीर्तनाच्या माळा सुरू होतात आणि नवमीपर्यंत आमच्या घशास विसावा मिळत नाही. अशाच एका रात्री आरती आटोपली, श्रोते पांगू लागले, आणि कासेगावचे एक द्राक्षबागाईतदार वीणा गवसणीत जाईपर्यंत खांबाशी उभे राहिले. नमस्कार करून म्हणाले, "बुवा, यंदा दसऱ्याला लहान ट्रॅक्टर घ्यायचा ठरवलाय. पोरगा म्हणतो हा घ्या, व्याही म्हणतात तो घ्या. घ्यायचा तर आपल्याच देशाचा घ्यावा, असं घरात बाईमाणसांचंही मत पडलं. पण आपल्या देशाचा कोणता, ते कुणी सांगत नाही. तुम्ही शास्त्र शिकलेले, तुम्हीच सांगा."

आम्ही हसलो. व्याकरण आणि वेदान्त यांत डोळे अधू करून घेतलेल्या माणसास अश्वशक्तीचा प्रश्न! परंतु घरी येऊन पाठ टेकली तरी तो प्रश्न डोक्यातून जाईना. हा प्रश्न त्या एका बागाईतदाराचा नाही. दसऱ्याच्या मुहूर्तावर यंत्र घरी आणणाऱ्या सहस्रावधी कुटुंबांचा आहे, आणि अलीकडच्या घडामोडींनी त्यास चांगलीच धार आली आहे.

त्या घडामोडींची उजळणी थोडक्यात करू. २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेने भारतातून जाणाऱ्या बऱ्याच मालावर ५० टक्क्यांपर्यंत जकात चढविली. त्याच महिन्यातील स्वातंत्र्यदिनी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून स्वदेशीचा पुकारा केला आणि दुकानदारांनी तशा पाट्या लावाव्यात असे सांगितले. पुढे २२ सप्टेंबर रोजी, म्हणजे नेमक्या घटस्थापनेच्या दिवशी, ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरचे टायर आणि काही सुटे भाग यांवर १८ टक्के होता, तोही ५ वर उतरला. मूळ किंमत ६ लाख रुपये धरली तर केवळ करात ४२ हजारांचा फरक पडतो, आणि लहान शेतकऱ्यास ही रक्कम लहान नव्हे. त्या वर्षीचा दसरा २ ऑक्टोबरला, गांधीजयंतीच्याच दिवशी आला होता. एकीकडे स्वस्ताई, दुसरीकडे स्वदेशीची हाक. तेव्हापासून 'घ्यावा का' हा प्रश्न मागे पडून 'कोणाचा घ्यावा' हा पुढे आला आहे.

आता लहानच ट्रॅक्टर का? ज्यांचे शेताशी नाते तुटले आहे अशा शहरवासी वाचकांसाठी सांगितले पाहिजे. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे देशातील सरासरी धारणक्षेत्र १.०८ हेक्टर, म्हणजे पावणेतीन एकरांच्या आसपास. एवढ्या रानात मोठे धूड वळवावयाचे म्हटले तर बांधावरच निम्मा वेळ जातो. त्यातून आमच्या सोलापूर जिल्ह्यात कासेगावकडे द्राक्षे, सांगोल्याकडे डाळिंबे. द्राक्षाच्या दोन ओळींत आठ-दहा फुटांचे अंतर; वर मांडवाच्या तारा, खाली ठिबकच्या नळ्या. त्या बोळातून घड न दुखवता जाईल, मागे औषधाचा हौद आणि ब्लोअर ओढील, अशी १८ ते २८ अश्वशक्तीची, अरुंद आणि चारही चाकांनी जोर धरणारी गाडीच तेथे चालते. दसरा होतो न होतो तोच ऑक्टोबर छाटणी येते, आणि छाटणीनंतरचे पहिले ४०-५० दिवस बाग अक्षरशः फवारणीवर जगते. म्हणूनच दसऱ्याचा मुहूर्त हा बागाईतदारास केवळ पंचांगातला मुहूर्त नव्हे.

खंडेनवमीस आपण आयुधांची पूजा करतो. क्षत्रियाचे शस्त्र, कारागिराची हत्यारे, लेखकाची लेखणी, आणि कुणब्याचे औत. जनकराजास नांगराच्या तासात सीता सापडली. मुळात 'सीता' या शब्दाचा अर्थच नांगराचे तास. बलरामाने तर नांगर हेच शस्त्र केले. पराशरांच्या नावे चालत आलेल्या 'कृषिपराशर' या संस्कृत ग्रंथात नांगराची आठ अंगे नावानिशी दिली असून त्यांची मापेही सांगितली आहेत. अमुक अंग इतके हात, तमुक इतके. हे वाचताना आम्हांस पूर्वी वाटे, ऋषींनी सुताराचे काम का सांगत बसावे? उत्तर त्या मापांतच आहे. ज्याच्यापाशी माप आहे, तो मोडलेले अंग पुन्हा घडवू शकतो. नांगर मोडला तर गावचा सुतार आणि लोहार तो सांजेपर्यंत उभा करीत. कोणत्याही परक्या दारी जावे लागत नसे.

मग लोखंडी नांगर आला, तेव्हाही शंका निघालीच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावास १९०३ साली लोखंडी नांगर घडविला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल असे म्हणून शेतकरी त्यास हात लावीनात. नमुना विलायती होता हे कोणी लपविले नाही. परंतु पुढे १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, तेथेच ओतकाम झाले, तेथेच माणसे शिकली, आणि त्या नांगरास परका म्हणावयाचे कोणाच्या मनातही राहिले नाही. नमुना बाहेरचा असूनही वस्तू आपली कशी होते, याचा हा आपल्याच मातीतला दाखला.

ट्रॅक्टरची वंशावळ याच रीतीने पाहिली तर बरीच गंमत आढळते. १९५९ साली फरिदाबादेस आयशरचा ट्रॅक्टर या देशात तयार होऊन बाहेर पडला, त्याचा आराखडा जर्मन. १९६३ साली महिंद्रा मंडळींनी काम आरंभिले ते अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून. सरकारी एच.एम.टी.ने १९७१ च्या सुमारास पिंजोर येथे झेकोस्लोव्हाकियाच्या झेटॉरचा हात धरला. कोणाचाही आधार न घेता, दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेतील आपल्याच अभियंत्यांच्या आराखड्यावरून जो घडला तो मोहालीचा 'स्वराज', १९७४ सालचा. हे नाव ठेवणाऱ्यास आम्ही मनोमन नमस्कार करतो. आज संख्येने पाहता जगात सर्वांत अधिक ट्रॅक्टर याच देशात तयार होतात, वर्षास नऊ-दहा लाखांच्या घरात. त्याच्या मुळाशी ही पन्नास-साठ वर्षांची उमेदवारी आहे.

परंतु केवळ नाव आपले, मालक आपला, एवढ्याने भागते काय? एच.एम.टी. तर साक्षात सरकारची. तोट्यात रुतलेला तो ट्रॅक्टरचा कारखाना बंद करण्यास २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. पुण्याच्या फोर्स मोटर्सचे अरुंद बागायती ट्रॅक्टर आपल्याकडील द्राक्षपट्ट्यात घरोघर दिसत. त्या कंपनीने २०२४ च्या मार्चअखेर ट्रॅक्टरचा धंदाच आवरता घेतला. मालक स्वदेशी होता, परंतु कारखाना थांबला की त्या गाडीच्या धन्यास पुढच्या दहा वर्षांची काळजी लागतेच.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. जॉन डिअर हे नाव अस्सल अमेरिकन. तिचा कारखाना मात्र पुण्याजवळ सणसवाडीस आहे. तेथे शेकडो मराठी मुले कामास आहेत, आणि तेथे बनलेले ट्रॅक्टर परदेशी जातात. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्समध्ये जपानच्या कुबोटाचा वाटा वाढत जाऊन २०२२ साली कंपनीचे नावच एस्कॉर्ट्स कुबोटा झाले. महिंद्राच्या नावाने अमेरिकेत विकले गेलेले कित्येक लहान ट्रॅक्टर कोरियातील कारखान्यात तयार झालेले होते. आपल्या नावाची वस्तू कोरियात बनून अमेरिकेत खपावी आणि अमेरिकन नावाची वस्तू शिरूर तालुक्यात बनून जगभर जावी, असे हे सीमोल्लंघन! त्याच महिंद्राने २०२३ साली 'ओजा' नावाची लहान ट्रॅक्टरांची मालिका काढली. शब्द संस्कृत 'ओजस्'वरून घेतलेला. त्याचा शेवट लोपवून आकार जोडला आहे, तो आमच्यातील वैयाकरणास किंचित खुपतो. आराखडा घडविताना जपानी सहकाऱ्यांचा हात होता आणि घडण होते तेलंगणात जहीराबादेस. नाव संस्कृत, विद्या अर्धी जपानी, घाम तेलुगू. हा स्वदेशी की विदेशी? पाटी पाहून सांगता येणार नाही.

येथे आमच्या घरची एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आमच्या थोरल्या बंधूंच्या मुलाची दोन एकर बाग आहे. चार वर्षांपूर्वी त्याने एक लहान ट्रॅक्टर घेतला. कोणाचा, ते येथे सांगणे प्रशस्त नव्हे. चालावयास लोण्यासारखा, आवाज थोडा, डिझेल बेताचे. आम्हीच नारळ फोडला होता. दुसऱ्याच वर्षी छाटणीनंतर अठराव्या दिवशी अवकाळी पाऊस झाला आणि ऐन त्याच वेळी ब्लोअरला फिरवणारा पीटीओ बंद पडला. मिस्त्रीने गाडी खोलली, दोष लगेच सापडला, एक दातेरी चाक आणि एक सील. विक्रेता म्हणाला, हा भाग येथे बनत नाही, बाहेरून यावा लागतो. तो आला सतराव्या दिवशी. दरम्यान पुतण्याने पाठीवरचे पंप लावून, मजूर मिळतील तेवढे मिळवून बाग धुतली. तरी केवड्याने, ज्यास बागाईतदार डाऊनी म्हणतात, निम्मे घड खाल्ले. त्या वर्षी त्याच्या मुलीचे लग्न पुढे ढकलावे लागले. "काका, नारळ तुम्ही फोडलात, पण पार्टचं आपण कुणीच विचारलं नाही," एवढेच तो म्हणाला. ते बोल आम्हांस फार लागले, कारण ते खरे होते.

तेव्हापासून स्वदेशी या शब्दाचा अर्थ आम्ही निराळ्या रीतीने लावतो. मोडलेले अंग ज्या वस्तूस आपल्या पंचक्रोशीत, फार तर आपल्या देशात, काळवेळेत मिळते, ती आपली. 'कृषिपराशर'कारांची आठ अंगे आज आठशे झाली असतील. कसोटी बदललेली नाही. इंजिनाचे आणि गिअरपेटीचे ओतकाम कोठे होते? डिझेलचा पंप कोणाचा? मायको हे नाव नाशिककरांस घरचे वाटते; तिची मूळ कंपनी जर्मन असली तरी नाशिकच्या कारखान्यात नोझल बनतात आणि ते दुरुस्त करणारा मिस्त्री तालुक्याच्या गावी सापडतो. आमच्या मते हे विदेशी नव्हे. याउलट डोळ्यांत भरेल असा तिरंगा रंगविलेल्या गाडीचे मुख्य भाग समुद्रापलीकडून येत असतील, तर ती पूजेपुरतीच आपली. चीनमधून येणाऱ्या पॉवर टिलरांवर सरकारने २०२० साली आयातीचे निर्बंध घातले तेव्हा अनेकांस ते कडक वाटले. ज्यांच्या अंगणात सुट्या भागांवाचून असा टिलर गंजत पडला होता, त्यांस वाटले नसावे.

यावर आमचे काही कट्टर मित्र म्हणतील, नफा परदेशी गेला त्याचे काय? आक्षेप रास्त आहे. आम्ही तो उडवून लावीत नाही. दोन गाड्या सर्व अंगांनी सारख्या असतील तर जिची विद्या आणि मालकी दोन्ही येथली, तीच घ्यावी, आणि चार-पाच हजार अधिक पडले तरी घ्यावी. विद्या येथे राहिली म्हणजे पुढची गाडी येथे जन्मते. मोहालीचे उदाहरण वर आलेच. परंतु देशाभिमानाच्या भरात लहान शेतकऱ्याने कर्ज काढून आपली बाग पणास लावावी, असे सांगण्याचा अधिकार आम्हां पेटी-तबल्याच्या माणसांस नाही. त्याचे हप्ते आम्ही फेडणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्या कासेगावकरांस बोलावून आम्ही एवढेच सांगितले की, किमतीचे आणि सवलतीचे बोलणे शेवटी करा. आधी आपल्या मिस्त्रीस बरोबर घ्या. लवकर झिजणाऱ्या सात भागांची नावे त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या: क्लच प्लेट, पीटीओचे दातेरी चाक, हायड्रॉलिक पंपाचे सील, पुढच्या आसाचे बेअरिंग, डिझेलचे नोझल, पाण्याचा पंप, स्टार्टर. प्रत्येक शोरूमात तो कागद ठेवा आणि म्हणा, यांतले आत्ता फडताळावर काय आहे ते काढून दाखवा. जे नाही ते कोठून येते आणि किती दिवसांत, ते लिहून द्या.

ते गृहस्थ तीन ठिकाणी हिंडले. एका ठिकाणी त्यांस चहा मिळाला, रंगीत पुस्तिका मिळाली, भाग दोन मिळाले. दुसऱ्या ठिकाणी तीन. तिसरे दुकान अंधारे, मालक थोडा तुसडा. त्याने न बोलता सातांपैकी सहा भाग खोक्यांसह पुढ्यात मांडले आणि सातवा पुण्याहून परवा येईल म्हणाला. प्रत्येक खोक्यावर कोठे बनले ते छापलेले होते. त्यांच्या मुलाने ते वडिलांस मोठ्याने वाचून दाखविले: पुणे, नाशिक, फरिदाबाद, राजकोट, कोल्हापूर, आणि एक जपान.

नोंदणी त्यांनी तेथेच केली. गाडी अष्टमीच्या सायंकाळी यावयाची आहे. नवमीस झेंडूची माळ आणि आंब्याची डहाळी लावून पूजा होईल. आम्हांस आमंत्रण आहे, आणि नारळ मात्र या खेपेस त्यांच्या मिस्त्रीच्या हातून फोडावा, असे आम्ही सुचविले आहे.